स्लज कमी करायचाय? आधी आत काय टाकताय ते बघा

"स्लज लय व्हायलाय सर, एखादी पावडर सांगा की."

हा फोन गोकुळ शिरगावातनं येतो, शिरोलीतनं येतो, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीतनं येतो. माणूस वेगळा, कंपनी वेगळी, वाक्य तेच. स्लज म्हणजे कंपनीचं सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटमधनं, ईटीपीतनं, निघणारा गाळ. पावडर विकणारे पण काय कमी नाहीत. चकचकीत बॅग, वर हिरव्या पानाचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'झिरो स्लज'. मालक खूश होतो, कारण केकच्या (दाबून पाणी काढलेल्या गाळाच्या) गाडीभाड्यापेक्षा बॅग स्वस्त वाटते. मग दोन महिने बॅगा जातात आणि वाळवायच्या बेडवर गाळ आहे तेवढाच. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय.

झिरो स्लज होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. बायोलॉजिकल ट्रीटमेंट म्हणजे बॅक्टेरियाला घाण खायला घालणं. बॅक्टेरिया खातो त्यातला काही भाग जाळून कार्बन डायऑक्साइड करतो आणि उरलेल्याचं स्वतःचं अंग वाढवतो. ते वाढलेलं अंग म्हणजेच एक्सेस स्लज. हवेवर चालणाऱ्या एरेशन टँकमध्ये १ किलो बीओडी (बॅक्टेरिया खाऊ शकेल अशी घाण, ती जिरवायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मोजलेली) काढला की साधारण ०.४ ते ०.६ किलो कोरडा स्लज तयार होतो, हे पुस्तकातले आकडे आणि साइटवर पण त्याच्या आसपासच येतं. शिवाय पाण्याबरोबर आलेली माती, राख, चुना, फॉस्फरस यांना कुठलाच बॅक्टेरिया पचवून हवेत उडवू शकत नाही. ते एकतर स्लजमधून बाहेर पडणार नाहीतर आउटलेटच्या पाण्यातून. तिसरा दरवाजाच नाही.

आता एक मध्यम साइजचा फूडवाला प्लांट धरू. दिवसाला २०० घनमीटर पाणी, बीओडी १५०० एमजी पर लिटर, म्हणजे रोजचा ३०० किलो बीओडी. त्यातनं ०.४-०.५ नं धरला तरी कोरडा स्लज १२० ते १५० किलो निघणार. आकडा लहान वाटतो, पण स्लज कोरडा नसतो ना, क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवायच्या टाकीच्या) तळातून येतो तेव्हा त्यात ९९ टक्के पाणी असतं, म्हणजे रोजचा १२ ते १५ हजार लिटर पातळ गाळ! हाच फिल्टर प्रेसमधनं दाबून काढून २५ टक्के सॉलिडचा केक केला तर पाचशे-सहाशे किलो. म्हणून कुणी "आमच्याकडं स्लज जास्त होतोय" म्हणाला की माझा पहिला प्रश्न, कुठला जास्त? पातळ जास्त, केक जास्त, की खरोखर कोरडा माल जास्त? तिन्हीचं औषध वेगळं आहे आणि बहुतेक ठिकाणी हे कुणी मोजलेलंच नसतं. लॉगबुकात 'स्लज वेस्टिंग केले', म्हणजे जास्तीचा गाळ बाहेर काढला, एवढंच. किती केले, किती घट्ट होता, काही नाही.

उलटं पण असतं बरं का. काही प्लांटवाले छाती फुगवून सांगतात की आमच्याकडं स्लज होतच नाही, वर्षभर प्रेस लावलेली नाही. तिथं मी गुपचूप आउटलेटची बाटली भरून घेतो. २०० घनमीटरच्या पाण्यात १०० एमजी पर लिटर टीएसएस (पाण्यात तरंगणारा गाळ) असेल तरी रोज २० किलो कोरडा स्लज नाल्याला चाललाय, आणि १०० ही तर कायद्यातली मर्यादाच झाली. वेस्टिंग बंद ठेवलं की क्लॅरिफायर भरत जातो आणि एक दिवस, बहुतेक रात्रपाळीत, गाळाचा थर काठावरून वाहायला लागतो. त्याला स्लज रिडक्शन म्हणत नाहीत. पंचगंगेत तेरवाड बंधाऱ्याकडं मेलेल्या माशांचे फोटो पेपरात आले की सगळे एकमेकांकडं बोट दाखवतात. शहराचं सांडपाणी, कारखाने, प्रोसेस हाउस सगळ्यांचाच त्यात वाटा आहे, आणि आपल्या नाल्यातला हा गाळ पण त्यातच येतो.

आता मुद्द्याचं. कोरडा माल कमी करायचा तर आधी आत काय जातंय ते बघा. आपल्या भागात याच्यात एक खास कोल्हापुरी प्रकार आहे, गूळ.

प्लांट सुरू करताना सीडिंगला (सुरुवातीचे बॅक्टेरिया वाढवायला) शेण, गूळ, युरिया, डीएपी टाकतात, ते ठीक आहे, नवीन बॅच उभी करताना खायला काहीतरी लागतंच. पण मग ती सवय होऊन बसते. एका प्लांटवर गेलो, एरेशन टँकच्या कठड्यावर लाल गुळाचा अर्धा रवा (ढेप), वर घोंगावणाऱ्या माशा, शेजारी शेणाची पाटी आणि ढवळायचा बांबू. ऑपरेटरमामा वयस्कर, जुने, हात जोडून म्हणाले, "सर, रोज धा किलो न चुकता टाकतोय बगा. बॅक्टेरिया उपाशी ऱ्हाऊ देत न्हाई."

"मामा, कंपनीचं पाणी येतंय न्हवं रोज?"

"येतंय की, दोनशे घन."

"मग उपाशी कशानं ऱ्हातील?"

मामा हसले. म्हणाले, कमिशनिंगला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलेलं, बंद करा असं नंतर कुणी सांगितलंच नाही. खरंय त्यांचं, त्यांचा काय दोष. पण हिशोब बघा. १० किलो गूळ म्हणजे जवळपास १० किलो सीओडी (केमिकलनं मोजलेली एकूण घाण), आणि तो असा की बॅक्टेरिया चाटून-पुसून खातो. त्यातनं रोज ३ किलोच्या आसपास कोरडा स्लज होणार, म्हणजे पातळमध्ये ३०० लिटर. गुळाचे पैसे, त्याला जिरवायला ब्लोअरची (हवा फुंकणाऱ्या मशीनची) वीज, मग तोच स्लज दाबायला पॉली (गाळाच्या गुठळ्या करणारं केमिकल) आणि शेवटी केकचं भाडं. चार वेळा पैसे दिले एकाच रव्याचे! गूळ खायचा तर चहात घालून खा की.

शेणाचं दुखणं अजून छुपं आहे. शेणात न पचलेलं गवत असतं, ते एरेशन टँकमध्ये पण लवकर पचत नाही, नुसतं फिरत राहतं. लॅबवाला एमएलएसएस (टँकमधल्या पाण्यात लिटरमागं किती एमजी गाळ) काढतो, आकडा ४००० येतो, सगळे खूश. जरा हुशार लॅब असेल तर ५५० डिग्रीच्या भट्टीत जाळून एमएलव्हीएसएस काढते, म्हणजे जळणारा भाग किती ते. पण गवताची काडी पण भट्टीत जळतेच, त्यामुळं तिथंही आकडा चांगला दिसतो आणि आपण फसतो. खरं चित्र मायक्रोस्कोपखाली दिसतं. एक थेंब काचेवर घ्या, वर कव्हर स्लिप, शंभर पटीवर बघा. चांगल्या स्लजमध्ये तपकिरी गुठळ्या दिसतात, त्यांच्या कडेला देठावरच्या व्हॉर्टिसेला मान आत-बाहेर करत असतात, मधूनच एखादा रोटिफर सरकत जातो, हे बॅक्टेरिया खाणारे सूक्ष्म जीव. शेणवाल्या प्लांटमध्ये गुठळ्या कमी आणि आडव्या-तिडव्या पिवळट काड्याच जास्त. तो सगळा माल तुम्ही विकत आणून टँकमध्ये टाकलाय आणि आता परत पैसे देऊन बाहेर काढणार आहात.

युरिया-डीएपीचं पण तेच. बीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस १००:५:१ हे सगळ्यांना पाठ असतं, पण आपल्या पाण्यात आधीच किती आहे ते न बघता टाकतात. दुधाच्या पाण्यात नायट्रोजन असतोच, साखर कारखान्याच्या पाण्यात फारसा नसतो, दोघांना एकच डोस कसा चालेल? आणि स्लजचं वय (बॅक्टेरिया सरासरी किती दिवस टँकमध्ये राहतात) जास्त ठेवलं की ही गरज अजून कमी होते.

मग येतं केमिकल. प्रायमरीला, म्हणजे बॅक्टेरियाच्या आधीच्या टप्प्याला, तुरटी, चुना, फेरस, जे हाताला लागेल ते. इचलकरंजी साइडच्या कापड प्रोसेसवाल्यांना रंगासाठी ते करावं लागतं, मान्य. पण फूडवाल्या प्लांटमध्ये विरघळलेल्या साखरेवर तुरटी टाकून काय उपयोग? साखर तशीच पुढं जाते आणि १ किलो तुरटीमागं पाव किलोभर कोरडा ॲल्युमिनियमचा चिकट गाळ वर तयार होतो, ज्याला दाबून पाणी काढणं म्हणजे डोक्याला ताप. जार टेस्ट करा, म्हणजे वेगवेगळ्या भांड्यांत कमी-जास्त डोस टाकून बघा, अर्धा तास लागतो. डोस निम्मा करून पाणी तसंच निघत असेल तर निम्मा डोस इतके दिवस फक्त स्लज करायला चाललेला. आणि महत्त्वाचं, केमिकल स्लज आणि बायो स्लज एकाच बेडवर ओतू नका. २०१६ च्या हजार्डस वेस्ट रूल्समध्ये सांडपाणी ट्रीटमेंटचा केमिकल स्लज ३५.३ कॅटेगरीत येतो, तो ९० दिवसांच्या वर साठवायचा नाही, मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंद) करून रांजणगावसारख्या अधिकृत जागीच पाठवायचा. फूड प्लांटचा स्वच्छ बायो स्लज वेगळा ठेवला, तपासून घेतला, प्रदूषण बोर्डाच्या कन्सेंटमध्ये (परवानगीत) बसवला तर कंपोस्टचा रस्ता मोकळा राहतो. एकदा मिसळला की सगळाच ढीग हजार्डस म्हणून धरावा लागतो, आणि मग वजन कमी करा म्हणून माझ्याकडं रडायचं.

अजून मागं गेलं की प्रॉडक्शन. ईटीपीवाल्याला तिथं कुणी विचारत नाही, पण खरी कमाई तिथंच आहे. दुधाचा बीओडी १ लाख एमजी पर लिटरच्या आसपास असतो. म्हणजे १०० लिटर दूध ड्रेनला गेलं की १० किलो बीओडी, त्याचा चार-पाच किलो कोरडा स्लज, आणि तो ९९ टक्के पाण्याच्या हिशोबात चारशे-पाचशे लिटर! सांडलं त्याच्या चौपट-पाचपट गाळ होऊन परत आलं. पाइपलाइन धुताना पहिलं पांढरं पाणी वेगळ्या टाकीत घेणं, लीक होणारा व्हॉल्व्ह बदलणं, मळीची टाकी ओव्हरफ्लो न होऊ देणं, एवढं केलं तर कुठलीच पावडर लागत नाही. हे सांगितलं की प्रॉडक्शन मॅनेजर माझ्याकडं असं बघतो जसं काय मी त्याच्या घरात शिरून फ्रिज उघडलाय.

बरं, आत जाणारं सगळं आवरलं, आता टँकमध्ये काय करता येतं? स्लजचं वय वाढवायचं. बॅक्टेरियाला जास्त दिवस आत ठेवलं आणि खायला बेताचं दिलं की ते स्वतःचं अंग जाळायला लागतात, मेलेल्यांना बाकीचे खातात, व्हॉर्टिसेलासारखे सिलिएट, रोटिफर पण त्यांच्यावर ताव मारतात. पुस्तकातले नेहमीचे आकडे घातले तर आपल्या ३०० किलो बीओडीच्या प्लांटमध्ये वय १० दिवस असताना बॅक्टेरियाचा माल ११०-११५ किलो निघतो आणि २५ दिवसांना ७०-७५ किलो. चाळीसएक किलो वाचला. फुकट नाही वाचला, जाळायला ऑक्सिजन लागला, दर किलोला १.४२ किलो, म्हणजे ब्लोअरचे रोजचे तीस-चाळीस युनिट जास्त. चाळीस किलो कोरडा म्हणजे १६० किलो केक, त्याचं भाडं आणि हे युनिट, दोन्ही शेजारी शेजारी मांडा आणि आपलं आपण ठरवा. हजार्डसमध्ये जात असेल तर वीज परवडते. शेजारचा शेतकरी कंपोस्टला नेत असेल तर कशाला ब्लोअर पिदडायचा?

वय सांभाळणं अवघड नाही. टँक ५०० घनमीटर, एमएलएसएस ४०००, म्हणजे आत २००० किलो माल. २५ दिवसांचं वय हवं तर रोज पंचविसावा भाग, ८० किलो काढा. रोज. रविवारी पण. आपल्याकडं पंधरा दिवस काही काढायचं नाही आणि बोर्डाचा माणूस येणार कळलं की दोन दिवसांत अर्धा टँक उपसायचा, अशानं बॅक्टेरियाला काय कळायचं उपाशी राहायचंय की पोटभर खायचंय.

वय वाढवताना एक गोष्ट मात्र आडवी येते, क्लॅरिफायर. तो आपल्या साइजपेक्षा जास्त माल बसवू शकत नाही. त्यासाठी एक लिटरचा सिलिंडर रोज भरायचा, तीस मिनिटांनी गाळ कितीवर बसला ते वाचायचं. ४००० एमएलएसएसला ४०० मिलि आला तर एकदम झकास. ९०० आला तर बरेच ऑपरेटर स्लज जास्त झाला म्हणून वाल्व्ह उघडतात. थांबा जरा. दुसरा सिलिंडर घ्या, अर्धा स्लज, अर्धं आउटलेटचं स्वच्छ पाणी. आता तीस मिनिटांनी तो धाडकन २५० ला बसला तर खरोखर गर्दी झालीय, काढा. पण पातळ करूनही सहाशे-सातशेवर तरंगतोय तर माल जास्त नाही, फुगलाय, धाग्यासारखे बॅक्टेरिया माजलेत. हवा कमी पडतेय, सडकं पाणी येतंय, तेल-तूप येतंय, नाहीतर खायला फारच कमी मिळतंय. असा फुगलेला स्लज तळाला घट्ट होत नाही, एक टक्क्याऐवजी अर्धा टक्काच बसतो, मग कोरडा माल तेवढाच असून प्रेसला दुप्पट लिटर दाबावे लागतात. निम्म्या ठिकाणी 'स्लज वाढला' ही तक्रार ह्याचीच असते. पाण्यातला डिझॉल्व्ड ऑक्सिजन २ एमजी पर लिटरच्या आसपास आणा, तळातून हवेचे बुडबुडे सोडणारे डिफ्युजर बंद पडले असतील तर बदला, ऑइल ट्रॅप साफ करा, मग बोला.

आणि पाणी तगडं असेल, सीओडी दोन हजाराच्या वर आणि बहुतांश विरघळलेला, तर एरेशनच्या आधी बिनहवेचा रिॲक्टर टाका, हे माझं ठाम मत. हवेशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियाला खाण्यातून फार थोडी ताकद मिळते, बहुतेक ऊर्जा मिथेनमधून निघून जाते, त्यामुळं त्यांचं अंग फारसं वाढत नाही, किलोमागं ०.०५ ते ०.१ किलो स्लज, बास. आपल्या ३०० किलोतले ८० टक्के तिथंच काढले आणि उरलेले एरेशनला, तर एकूण स्लज १२०-१५० वरून चाळीस-पन्नासवर येतो. कुठल्या पावडरनं हे होणार? वर गॅस. सीओडी ५०० किलो धरला तर कागदावर रोज १४० घनमीटर मिथेन, म्हणजे १९ किलोचे पाचेक कमर्शियल सिलिंडर. प्रत्यक्षात कमी मिळतो, पण मिळतो. यूएएसबी नावाचा जो उभा रिॲक्टर आपण सगळीकडं बघतो तो हॉलंडात १९७० च्या दशकात गाट्झे लेटिंगा यांच्या टीमनं साखर कारखान्याच्या पाण्यावर उभा केला. म्हणजे आपल्या ऊसपट्ट्याला तर तो शिवून घेतल्यासारखा बसतो, आणि डिस्टिलरींच्या डायजेस्टरमधून सीड पण जवळपास मिळतं.

फक्त पी हळद नि हो गोरी असं त्याचं नाही. उभा राहायला काही महिने जातात, पीएच सातच्या खाली घसरला की आजारी पडतो, फॅट आलं की बॅक्टेरियाचे गोळे तरंगून बाहेर पडतात, सीझन संपल्यावर उपाशी ठेवायची पद्धत पण शिकावी लागते. घाईचा मालक असेल तर मी सुचवतच नाही.

बाकी ओझोन, अल्ट्रासाउंड, गरम करून स्लज फोडणं, हे सगळं खरं आहे, थोतांड नाही. बॅक्टेरियाची साल फोडायची आणि आतला रस बाकीच्यांना खायला परत टँकमध्ये सोडायचा. जपानमध्ये १९९० च्या दशकात ओझोन वापरून जवळपास वेस्टिंग न करता प्लांट चालवून दाखवलेत. पण ओझोनची वीज, त्याचा मेंटेनन्स, आणि फोडलेला रस जिरवायला परत हवा. जिथं केक टाकायला जागाच नाही तिथं हे चालतं, आपल्या दोनशे घनच्या प्लांटला नको. एक प्रकार मात्र चक्क टाळा. बॅक्टेरियाला खाऊनही अंगी न लागू देणारी केमिकलं संशोधनाच्या पेपरांमध्ये सापडतात, डायनायट्रोफिनॉल वगैरे. ती विषारी आहेत, पाण्यातून पुढं जातात. स्लज वाचवायला नदीत विष सोडायचं का?

गंमत म्हणजे १९१४ साली मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेटनी ही ॲक्टिव्हेटेड स्लजची पद्धत शोधली ती गाळ न फेकता जपून ठेवल्यामुळंच. प्रत्येक बॅचनंतर गाळ तसाच ठेवून नवीन पाणी घालत गेले तेव्हा आधी कित्येक आठवडे लागणारं काम तासांवर आलं. आणि आपण आता त्याच गाळाच्या नावानं बोंब मारतोय.

राहिला केकमधला ओलावा. कोरडा माल तेवढाच ठेवून ९९ टक्के पाण्यावरून ८० टक्क्यांवर आलात की वजन विसाव्या भागावर येतं, तिथून ६० वर आलात की अजून निम्मं. गाडीभाडं वजनावर असतं त्यामुळं ही कमाई पण खरीच. ड्रायिंग बेड मार्च ते मेमध्ये फुकटात काम करतात, पण आपल्याकडं जुलैत जो धो-धो लागतो त्यात उघड्या बेडवर स्लज ओतणं म्हणजे पावसाच्या पाण्यात परत पातळ करणं, आणि खाली निथळलेलं पाणी परत इनलेटला. मे संपायच्या आत बेड खरवडून रिकामे करा, वर पारदर्शक पत्रा घाला, बाजू उघड्या ठेवा वारं जायला. प्रेस असेल तर क्लॉथ (त्यातलं गाळायचं कापड) आत्ताच धुऊन घ्या, पॉली आदल्या दिवशी भिजवून ठेवा, ऐन वेळी कालवलेल्या पॉलीचे डोळे (न विरघळलेले गोळे) तसेच राहतात आणि क्लॉथ चोंदतो. पूर आला की केक न्यायला गाडी येत नाही, २०१९ ला आणि २०२१ ला हायवेच बंद होता, तेव्हा निदान पंधरा दिवसांचा केक छपराखाली मावेल एवढी जागा शेडमध्ये आखून ठेवा. आणि जूनच्या आधी गुळाचा तो उरलेला रवा मामांना घरी न्यायला सांगा, पावसाळ्यात नाहीतरी मुंग्या लागतात त्याला.